लेकीचे प्रश्न आणि बाबांचा फोन

वाचकाचं पत्र

ताई, मी पीएमपीत कंडक्टर आहे, धनकवडीला राहतो. मुलगी आठवीत आहे, सेमी-इंग्रजीला. तिला विज्ञानाची भारी ओढ. दिवसा चंद्र का दिसतो, असले प्रश्न मला विचारते आणि मला उत्तर देता येत नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत, तेही मराठीतून. ड्यूटी संपवून घरी आलो की फोन तिच्या हातात असतो. प्रयोगांचे व्हिडिओ बघते, पण त्यात खरे कुठले आणि खोटे कुठले ते मला कळत नाही. शेजारचे म्हणतात, एका ॲपचं वर्षाचं पॅकेज घ्या, हप्ते पाडून देतात. नेटवर फुकट आणि खात्रीचं असं काही आहे का? आणि मला इंग्रजी येत नसताना ती बघतेय ते बरोबर आहे की नाही, हे मी कसं ओळखायचं?

उत्तर

दादा, ते पॅकेज घेऊ नका. अशा ॲपमध्ये बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकातलेच धडे चकचकीत करून शिकवलेले असतात आणि त्यापुढे सराव परीक्षा. ज्या मुलीला अभ्यास जड जातो तिला त्याचा थोडाफार उपयोग होईलही. पण तुमच्या लेकीला दिवसाच्या चंद्राबद्दल विचारावंसं वाटतं, आणि तिला जे हवं आहे ते या पॅकेजात सहसा नसतं. ते नेटवर फुकट आहे, बरंचसं मराठीत आहे, आणि त्यातलं काही तर आपल्या पुण्यातच तयार झालेलं आहे.

मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पालकांना पन्नास साइटची यादी दिली की ती व्हॉट्सॲपवर पुढे जाते आणि तिथेच राहते, हे मी पाहिलं आहे. म्हणून यादीपासून सुरुवात करत नाही. तिच्या प्रश्नापासूनच करू.

दिवसा चंद्र का दिसतो? तुमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय असेल. त्यात पुढची शुद्ध अष्टमी कधी आहे ते तिला शोधू द्या. त्या दिवशी चंद्र साधारण भर दुपारी उगवतो, म्हणजे चार वाजता पूर्वेकडे चांगला वर आलेला असतो, अर्धा आणि पांढुरका. वद्य अष्टमीला उलट होतं. सकाळी शाळेत जाताना तो पश्चिमेच्या बाजूला असतो आणि दुपारच्या सुमाराला मावळतो. आता फोनच्या ब्राउझरमध्ये स्टेलॅरियम उघडा. हे आकाशाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ठिकाण पुणे ठेवायचं आणि वेळ पुढेमागे सरकवायची. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, हे तिला अर्ध्या तासात स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. अमावास्येच्या आसपास तो सूर्याला इतका चिकटून असतो की दिसत नाही, हेही तिच्याच लक्षात येईल. मग तिला वहीत पंधरा दिवस तिथी, वेळ आणि चंद्राची दिशा लिहायला सांगा. ढग आले तर 'ढग' असं लिहायचं.

प्रश्न आधी आला, मग कालनिर्णय, मग फोन, आणि शेवटी खिडकीतून खरा चंद्र. याच क्रमाने ती फोन वापरायला लागली, तर कुठली साइट चांगली हे ठरवणं सोपं जातं. जी साइट बघून झाल्यावर मूल उठून काहीतरी करायला जातं, ती ठेवायची.

या कसोटीवर माझ्या मते पहिला नंबर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाचा. मराठीत 'अरविंद गुप्ता खेळणी' असं टाकलंत तरी सापडेल. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेला हा इंजिनिअर पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरी करत होता. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथे सरकारी शाळांमधून प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालू होता. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घन बनवायची त्यांची युक्ती तिथलीच. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून बनणाऱ्या खेळण्यांचे शेकडो छोटे व्हिडिओ केले. कित्येक मराठीतही आहेत. ही शोधिका ज्या इमारतीत आहे ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली, तिचं नाव 'पुलस्त्य'. गुप्तांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मुलांसाठीची हजारो पुस्तकंही फुकट वाचायला मिळतात, त्यात मराठी पुष्कळ आहेत.

तिथलं एकच खेळणं आधी करू द्या, साधी विजेची मोटर. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक छोटं गोल चुंबक आणि तांब्याची वाइंडिंगची तार. तार आणि चुंबक तापकीर गल्लीत किंवा बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत थोड्या पैशांत मिळतं. बहुतेक मुलांची मोटर पहिल्यांदा फिरत नाही. या तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो, तो वीज अडवतो. एका टोकाचा थर पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्या टोकाचा फक्त अर्ध्या बाजूचा. का अर्धाच? पूर्ण खरवडला तर तारेचं वेटोळं अर्धा फेरा मारतं आणि पुढच्या अर्ध्यात चुंबक त्याला मागे ओढतं. अर्ध्या फेऱ्यात वीज बंद झाली की ते स्वतःच्या वेगाने पुढे निघून जातं. हे उत्तर तिला लगेच सांगू नका. न खरवडता, पूर्ण खरवडून आणि अर्धं खरवडून, तिन्ही प्रकारे करून बघू द्या. दहावीत विद्युत मोटरचा धडा येईल तेव्हा तिला घोकावं लागणार नाही.

मोटर फिरली की मगच फेटकडे वळा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प आहे. २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यात पडद्यावर तारा, सेल आणि दिवे जोडून सर्किट बनवता येतं, लंबक हलवता येतो, प्रकाश वाकवता येतो. त्यातल्या अनेक प्रतिकृतींचं, म्हणजे पडद्यावरच्या प्रयोगांचं, मराठी भाषांतर झालेलं आहे. बऱ्याचशा डाउनलोड करून ठेवल्या तर नेट नसतानाही चालतात, म्हणजे तुमचा डेटा वाचेल. पण हातात खरा सेल घेतलेला नसताना पडद्यावरचा सेल जोडणं हा नुसता गेम होतो. म्हणून क्रम सोडू नका.

आता तुमच्या इंग्रजीच्या काळजीबद्दल. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, मराठी माध्यमाची आणि इंग्रजी माध्यमाचीही. तिचं विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत आहे ना? त्याच इयत्तेचं मराठी माध्यमाचं पुस्तक उतरवून घ्या. तेच धडे, त्याच आकृत्या. ती इंग्रजी पान उघडेल तेव्हा तुम्ही मराठी पान उघडा. धडा तुम्ही वाचा आणि प्रश्न तुम्ही तिला विचारा. सेमीच्या किती मुलांना व्याख्या पाठ असते पण घरी आजीला ती गोष्ट मराठीत समजावता येत नाही! तुमच्या घरात ही अडचण उरणार नाही. पुस्तकात जे क्यूआर कोड असतात ते दीक्षा या सरकारी ॲपमधून उघडतात. तिथले व्हिडिओ कमीजास्त दर्जाचे आहेत, पण धड्याशी जुळणारे आहेत.

धड्याच्या पलीकडचं काही अडलं तर मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला सुरू झालेलं हे काम आता पूर्ण नेटवर आहे. जुन्या नोंदींची भाषा जड आहे आणि काही माहिती मागे पडलेली आहे, हे ध्यानात ठेवा. नव्या नोंदी सोप्या वाटतील. तिच्या वयाला बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही आवडतील. १९७१ पासूनचं हे मासिक, अंक नेटवर वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर चित्रांची विज्ञानपुस्तकं मराठीत आहेत. आठवीच्या मुलीला ती लहान वाटतील. घरात धाकटं भावंड असेल तर तिने ती त्याला वाचून दाखवावीत.

खरं-खोटं ओळखायचा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला.

दर दिवाळीत एक फोटो फिरतो, 'नासाने घेतलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत'. काळ्या पार्श्वभूमीवर निळा, हिरवा, लाल, पांढरा असा झगमगणारा देश. तुमच्याही फोनवर आला असेल. तो एका रात्रीचा फोटो नाही. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी अनेक वर्षं टिपलेले रात्रीचे दिवे एकत्र करून, वस्ती कशी वाढत गेली हे दाखवायला ते चित्र बनवलं होतं. पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे आणि लाल २००३ चे. रंग माणसांनी दिलेले. नासाने २०१२ च्या दिवाळीत याचा खुलासा केला आणि सोबत १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचं खरं चित्रही दिलं. त्यात भारत नेहमीसारखाच दिसतो. आपल्या पणत्या आणि माळांनी वाढणारा उजेड अवकाशातून ओळखू येण्याइतका नसतोच.

हे पकडायला इंग्रजी लागत नाही. चित्र कोणी काढलं, कधी काढलं, हे लिहिलेलं आहे का? ज्यांचं नाव सांगितलं जातं त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ते आहे का? आणि एवढे रंगीत दिवे आपण गच्चीवरून कधी पाहिलेत का? हे तीन प्रश्न तुमच्या लेकीलाच विचारायची सवय लावा. ती इंग्रजीतून शोधेल, तुम्ही उत्तर मागायचं. खोटं सापडलं की कुटुंबाच्या ग्रुपवर खरी माहिती तिनेच लिहावी, नम्रपणे.

प्रयोगांच्या व्हिडिओंमध्ये फसवणुकीचा एक प्रकार फार चालतो. चुंबक आणि तारेचं वेटोळं जवळ ठेवलं की बल्ब कायमचा पेटतो, किंवा पंखा स्वतःच्याच विजेवर फिरत राहतो. लाखो लोक बघतात. तुम्ही एकच विचारायचं, ऊर्जा आली कुठून? बल्ब प्रकाश आणि उष्णता देतोय म्हणजे कुठेतरी काहीतरी खर्च होतंय. सेल, सूर्य, हात, वारा, यांतलं काही दिसत नसेल तर कॅमेऱ्याबाहेर लपवलेलं आहे. तिला ते घरी करून बघायचं असेल तर जरूर करू द्या, पण सेलवरच. भिंतीतल्या प्लगमधली वीज कुठल्याही प्रयोगात नको, व्हिडिओत कितीही सोपं दाखवलं असो. तसंच संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. जो व्हिडिओ धोक्याचा उल्लेखच करत नाही, तो बंद करा.

एआयला मराठीत प्रश्न विचारता येतो, तेही ती करत असेलच. ते चुकीचं उत्तरसुद्धा तितक्याच ठामपणे देतं. त्याचा उपयोग शोधायला योग्य शब्द मिळवण्यापुरता करावा. खातरजमा पाठ्यपुस्तकात, विश्वकोशात किंवा स्वतः करून बघून.

तुमच्या मुलीच्या वयाला आणखी एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे खऱ्या संशोधनात हात लावणं. झूनिव्हर्स नावाच्या संकेतस्थळावर शास्त्रज्ञ आपल्याकडची लाखो छायाचित्रं लोकांपुढे ठेवतात आणि वर्गवारीला मदत मागतात. याची सुरुवात २००७ मध्ये दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, एका प्रकल्पातून झाली. त्याच वर्षी हॅनी फान आर्केल या नेदरलँड्समधल्या शाळाशिक्षिकेला एका छायाचित्रात दीर्घिकेजवळ एक विचित्र डाग दिसला. तिने विचारलं, हे काय आहे? कोणालाच सांगता येईना. तो प्रचंड मोठा, चमकणारा वायूचा ढग निघाला आणि आज तो तिच्या नावाने ओळखला जातो. ही साइट मुख्यतः इंग्रजीत आहे, पण काम चित्रं बघण्याचं आहे, त्यामुळे भाषा फार आड येत नाही.

धनकवडीच्या तर दाराशीच तळजाईची टेकडी आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं जा. ईबर्डवर पक्ष्यांची यादी टाकता येते, सीझनवॉचवर एखादं झाड निवडून दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं यांची नोंद करता येते. बहावा घ्या. तो कधी फुलला हे एका वर्षात कळेल; तीन वर्षं नोंद ठेवली तर तो लवकर फुलतोय की उशिरा, हा प्रश्न विचारण्याइतकी माहिती तिच्या हाती असेल. देशभरातल्या अशा नोंदी संशोधक वापरतात. खातं मात्र तुमच्या नावाने उघडा, शाळेचं नाव किंवा राहत्या इमारतीचं ठिकाण कुठेही टाकू नका, आणि अनोळखी माणसाने खासगी मेसेज केला तर तिने तुम्हाला दाखवायचा हे आधीच ठरवा.

शून्य सावलीचा दिवस तर चुकवूच नका. पुण्यात तो वर्षातून दोनदा येतो, १३-१४ मे च्या सुमारास आणि जुलैच्या अखेरीस. जुलैमध्ये ढग असतात, म्हणून मे धरा. गच्चीवर पाण्याची बाटली उभी ठेवायची. सूर्य बरोबर डोक्यावर आला की तिची सावली तिच्याच बुडाखाली जाते. पण हे बारा वाजता होत नाही, साडेबाराच्या सुमारास होतं. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि पुणे ७४ अंशांच्या थोडं अलीकडे आहे. एका अंशाला सूर्याला ४ मिनिटं लागतात. बाकीचा हिशोब तिला करू द्या, भूगोलाच्या नकाशात सगळं मिळेल. भारतातल्या गावांची नेमकी तारीख आणि वेळ सांगणारी सोय अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाने नेटवर ठेवलेली आहे. आधी हिशोब, मग तिथे पडताळा.

नववीत गेल्यावर तिची भूक वाढली तर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर ऑलिंपियाड या विज्ञानस्पर्धेचे जुने पेपर आणि उत्तरं आहेत. अवघड आहेत. एका रविवारी एकच प्रश्न सोडवला तरी पुरे, आणि सुटला नाही म्हणून शिकवणी लावायची गरज नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टींची माणसं पुण्यात भेटतात. आयुकामध्ये शालेय मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होत आली आहेत. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना विचारा, नावं शाळेतर्फे देता येतात का ते त्यांना कळेल. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास आयुका लोकांसाठी खुलं असतं, आणि नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिथेही प्रदर्शन भरतं. पाषाणला आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेचं विज्ञान उपक्रम केंद्र आहे. टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. तुमच्या घरापासून स्वारगेटमार्गे फार लांब नाही. एखाद्या सुट्टीला चंद्राच्या नोंदींची वही घेऊन तिला तिथे न्या. वेळ आधी फोन करून विचारा, आणि तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या.